वाचनालयाचे नवे कार्यवाह झालात? वर्षभराचे कार्यक्रम आणि सेवा अशा आखा

सर्वसाधारण सभा झाली, बिनविरोध निवड झाली, शाल-श्रीफळ झालं आणि दुसऱ्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या तुमच्या हातात आल्या. आता जो भेटेल तो विचारणार, "काय मग, यंदा काय नवीन?" उत्साहाच्या भरात तुम्ही व्याख्यानमाला, कविसंमेलन, पुस्तक प्रदर्शन असं सगळं कबूल करून बसाल. जरा थांबा.

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. त्यातली बरीचशी एका खोलीत, एका अर्धवेळ ग्रंथपालावर आणि चार हौशी माणसांवर चालतात. तालुक्याच्या गावातल्या अशाच एका वाचनालयाचं काम मी केलं आहे. हा लेख तशाच ठिकाणी नव्याने आलेल्यांसाठी आहे. मोठ्या शहरातल्या शतकी परंपरेच्या संस्थांची गणितं वेगळी असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्यक्रमाला किती खुर्च्या भरल्या ते मोजू नका. पुढच्या आठवड्यात देवघेवीच्या टेबलावरून किती पुस्तकं जास्त गेली, ते मोजा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

१. आधी कागद ताब्यात घ्या

कार्यक्रमांचा विचार करण्याआधी मावळत्या कार्यवाहांकडून पुढचं सगळं यादी करून, सही घेऊन ताब्यात घ्या:

- संस्थेची घटना आणि नियमावली
- संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० यांखालची नोंदणी प्रमाणपत्रं
- शासनमान्यतेचं आणि वर्गाचं (अ, ब, क किंवा ड) पत्र
- मागच्या तीन वर्षांची लेखापरीक्षित हिशेबपत्रकं
- जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाचे तपासणीचे शेरे
- इतिवृत्ताची वही, रोजकीर्द, खतावणी
- दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकाने जिच्यात चढवतात ती), सभासद नोंदवही, देवघेवीच्या नोंदी
- पावतीपुस्तकं, वापरलेली आणि कोरी दोन्ही
- बँकेची पासबुकं, पॅन कार्ड, मुदत ठेवींच्या पावत्या

कोऱ्या पावतीपुस्तकांचे क्रमांक नक्की लिहून घ्या. हे मागताना संकोच वाटतो, कारण समोरचा माणूस ओळखीचा, वयाने मोठा, बऱ्याचदा आपल्यालाच शाळेत शिकवलेला असतो. तरीही मागा. "सर, ऑडिटरने यादी मागितली आहे" असं म्हटलं की कोणाला वाईट वाटत नाही.

दोन गोष्टी लगेच करायच्या. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. बोलताना सगळे त्याला 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. तो राहिला की पुढे दर वेळी विलंबमाफीचा अर्ज जोडत बसावं लागतं. आणि बँकेतल्या सह्या बदलून घ्या, नाहीतर पहिल्याच कार्यक्रमाच्या मंडपवाल्याचा चेक अडकेल.

ठेवींच्या पावत्यांसोबत देणगीदारांची जुनी पत्रंही शोधा. 'अमुक यांच्या स्मरणार्थ दरवर्षी एक व्याख्यान' अशा अटीवर कोणीतरी कधीकाळी पाच हजार रुपये ठेवलेले असतात. आज त्या व्याजात पाहुण्यांचा एसटीचा प्रवासखर्चही भागत नाही, पण अट कायम असते. त्या घरातल्या आजच्या पिढीला भेटून ठेव वाढवून घेता येते. विचारलं तर बहुतेक जण आनंदाने देतात, इतकी वर्षं कोणी विचारलेलंच नसतं.

२. टेबलाशी बसा

पहिला महिनाभर संध्याकाळी वाचनालय उघडं असताना देवघेवीच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसा. बोलायचं कमी, बघायचं जास्त. कोण येतं, काय मागतं, काय न मिळाल्याने परत जातं.

मग देवघेवीच्या नोंदी काढा. कोणत्या वारी गर्दी असते, कोणते सभासद वर्गणी भरतात पण सहा महिने फिरकलेले नाहीत, बालविभागातून महिन्याला किती पुस्तकं जातात, हे एका कागदावर मांडा. सगळ्यात खरी माहिती पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर मिळते. एखादं पुस्तक उघडावं तर चिठ्ठी दोन्ही बाजूंनी शिक्क्यांनी भरलेली, वर आणखी एक चिकटवलेली. शेजारच्या जाडजूड ग्रंथावर एकच शिक्का, तोही पुसट. कोणते विषय विकत घ्यायचे आणि कोणत्या विषयावर कार्यक्रम ठेवायचा, हे त्या चिठ्ठ्या सांगतात.

ग्रंथपालांशी या महिन्यात मोकळेपणाने बोला. त्यांचं मानधन अनुदानाच्या हिश्श्यातून निघतं आणि ते किती असतं हे तुम्हाला हिशेबपत्रकात दिसेलच. त्यांना न विचारता रात्री नऊपर्यंत चालणारे कार्यक्रम महिन्यातून चार वेळा लावू नका. ग्रंथपाल नाराज झाले की वाचनालय बसलंच म्हणून समजा.

३. वर्षाचा तक्ता भिंतीवर लावा

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं, तक्ताही तसाच करा. साजरे करण्यासारखे दिवस पुष्कळ आहेत:

- २३ एप्रिल: जागतिक पुस्तक दिन
- १२ ऑगस्ट: भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन
- १५ ऑक्टोबर: डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती. २०१५ पासून राज्यात हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो
- १४ ते २० नोव्हेंबर: राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह
- ३ जानेवारी: सावित्रीबाई फुले जयंती
- १४ ते २८ जानेवारी: मराठी भाषा संवर्धन पंधरवडा
- २७ फेब्रुवारी: कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन

२०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाल्यापासून त्या तारखेचीही भर पडली आहे.

इथे मोठा सापळा आहे. हे सगळे दिवस पाळायचे म्हटले की प्रत्येक वेळी प्रतिमापूजन, नारळ, दोन भाषणं, फोटो आणि चहा एवढंच उरतं. अहवालात बारा कार्यक्रम दिसतात आणि देवघेव जिथल्या तिथे असते. त्यातले तीन दिवस निवडा आणि ते नीट करा. बाकीच्या दिवशी त्या विषयाची वीस-पंचवीस पुस्तकं दारासमोरच्या टेबलावर मांडली तरी पुरतं. खर्च शून्य, आणि आत आलेला माणूस एखादं उचलतोच.

तारखा ठरवताना गावाचं वेळापत्रक पाहा. पेरणीच्या दिवसांत गावात माणूस मिळत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मंडळांशी स्पर्धा करू नका. उलट त्यांच्याच मंडपात तासभर मागून घ्या आणि मुलांकडून कथाकथन करवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची घरं बंद असतात. लग्नसराईत मुहूर्ताच्या दिवशी वक्ता आला तरी श्रोते पंगतीत असतात. आठवडी बाजाराचा दिवस मात्र प्रदर्शनाला उत्तम, कारण आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं त्या दिवशी गावात असतात.

जिल्हा ग्रंथोत्सवाची तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून कळते. ग्रंथदिंडी, परिसंवाद आणि पुस्तकविक्री असा तो सोहळा असतो. तिथे सभासदांना घेऊन जा आणि वर्षाची थोडी पुस्तकखरेदी त्यांच्या पसंतीने तिथेच करा. स्वतः निवडलेलं पुस्तक वाचनालयात आलं की माणूस ते वाचायला येतोच, शिवाय आणखी दोघांना सांगतो.

४. पैशाचं आधी, पाहुण्यांचं नंतर

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयाला वर्गानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे चालू खर्चासाठीचं अनुदान, मिळतं आणि २०२२ मध्ये शासनाने त्यात ६० टक्के वाढ मंजूर केली. ऐकायला छान वाटतं. पण त्या रकमेतून वेतन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज असं सगळं भागवायचं असतं आणि पैसे हप्त्यांनी येतात. अनुदान येईल या भरवशावर मे महिन्यात मंडपवाल्याला शब्द देऊ नका.

कार्यक्रमांचा पैसा वेगळा उभा करा. एका कार्यक्रमाला एक प्रायोजक, त्याचं नाव फलकावर, बस. गावातली पतसंस्था, दवाखाना, कृषी सेवा केंद्र, कोणीही चालतं. देणगी घेताना पावती त्याच दिवशी फाडा. देणगीदाराने '८०जी मिळेल ना?', म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल ना, असं विचारलं, तर संस्थेकडे ते प्रमाणपत्र आहे का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का हे पाहूनच उत्तर द्या.

सभासदांची अनामत बँकेत पडून असते आणि अडीअडचणीला तिच्याकडे हमखास लक्ष जातं. ते पैसे सभासदांचे आहेत. सभासदत्व सोडताना त्यांना ते परत द्यायचे असतात. त्याला हात लावायचा नाही.

मानधन चेकने किंवा बँकेतून द्या. व्हाउचरवर सही घ्या, आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लावा. ही तिकिटं ऐन वेळी मिळत नाहीत, टपाल कार्यालयातून आधीच आणून ठेवा.

पुस्तकांसाठी आणखी एक वाट आहे. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही केंद्र सरकारची कोलकात्यातली संस्था, १९७२ साली स्थापन झालेली. तिच्या समान निधी (राज्याचाही वाटा असलेल्या) आणि असमान निधी (राज्याचा वाटा नसलेल्या) योजनांतून पुस्तकं, फर्निचर, इमारत यांसाठी मदत मिळते. अर्ज ग्रंथालय संचालनालयामार्फत जातात, त्यामुळे परिपत्रक कधी निघतं यावर लक्ष ठेवा आणि तोवर हिशेबपत्रकं तयार ठेवा.

५. एक व्याख्यान, पहिल्या फोनपासून

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. तेव्हापासून व्याख्यानाशिवाय वाचनालय ही कल्पनाच आपल्याला करवत नाही. हरकत नाही, ठेवा. पण असं ठेवा:

वक्ता शक्यतो जवळपासचा घ्या. सर्पमित्र, जमिनीच्या वादांचे वकील, मधमाश्या पाळणारा शेतकरी, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी शिक्षिका. नावाजलेल्या वक्त्याला मुंबई-पुण्याहून आणण्याच्या खर्चात असे सहा कार्यक्रम होतात. फोनवर तीन गोष्टी स्पष्ट करा: वेळ (पाऊण तास, पुढे प्रश्न), मानधन आणि परतीची सोय. मानधनाचा विषय टाळणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. 'आमच्याकडे इतकेच आहेत' असं आधी सांगितलं की कोणी रागावत नाही.

आदल्या आठवड्यात वक्त्यालाच विचारा, या विषयावर लोकांनी काय वाचावं? ती पुस्तकं कपाटातून काढा, नसतील तर चार-पाच विकत आणा. कार्यक्रमाच्या दिवशी ती सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवा, शेजारी ग्रंथपाल नोंदवही घेऊन बसलेले. सभासद नसलेल्यांसाठी अर्ज आणि पावतीपुस्तकही तिथेच. वक्त्याचं शेवटचं वाक्य संपलं की आभार मानणाऱ्याने एवढंच सांगायचं: 'ही पुस्तकं आत्ताच घरी नेता येतील.' व्याख्यान ऐकून उठलेल्या माणसाची उत्सुकता चपला घालेपर्यंत टिकते, तेवढ्यात पुस्तक हातात पडलं पाहिजे.

प्रास्ताविक, परिचय, स्वागत, दीपप्रज्वलन, अध्यक्षीय समारोप यांना मिळून दहा मिनिटं द्या. अध्यक्षांना हे पटवणं सर्वांत अवघड काम आहे. त्यासाठी माझ्याकडे उपाय नाही.

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी घ्या आणि रात्री दहाला बंद करा. चित्रपट दाखवायचा बेत असेल, तर कोणाच्या तरी मोबाइलवरच्या ओटीटी वर्गणीतून पडद्यावर लावणं हे सार्वजनिक प्रदर्शनात धरलं जातं आणि त्याचा हक्क त्या घरगुती वर्गणीत मिळत नाही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी मागा.

६. दिवाळी अंक योजना

वर्षातला सर्वांत खात्रीचा उपक्रम. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची चाल पाडली आणि आजही निव्वळ अंकांसाठी वाचनालयाची पायरी चढणारी माणसं आहेत.

नवरात्रात फलक लावा: नेहमीच्या वर्गणीवर थोडी वेगळी रक्कम, दिवाळीपासून होळीपर्यंत अंक वाचायला. पैसे आगाऊ जमतात, त्यातूनच खरेदी होते. सगळे अंक एकाच विक्रेत्याकडून घ्या, सवलत मागा आणि बिलावर प्रत्येक अंकाचं नाव व किंमत लिहून घ्या. 'दिवाळी अंक, एकूण' असं मोघम बिल लेखापरीक्षक परत करतात.

अंक आले की त्याच दिवशी शिक्का, क्रमांक, प्लास्टिकचं कव्हर. मधली शिलाई दाभणाने आणि जाड दोऱ्याने पक्की करून घ्या. पिनांवर सोडलेला अंक चौथ्या घरातून येतो तेव्हा त्याची पानं सुटलेली असतात. एका वेळी एक अंक, चार दिवस. भविष्याचे आणि पाककृतींचे अंक दोन-दोन घ्या, त्यांच्यावरून भांडणं होतात. विनोदी अंक सर्वांत आधी फाटतात. कथा-कवितांचे गंभीर अंक जानेवारीत हलायला लागतात, तोवर धीर धरा.

होळीनंतर उरलेले अंक निम्म्या किमतीत सभासदांना विका, पण तुमच्या तालुक्यात-जिल्ह्यात निघालेले अंक बांधणी करून ठेवा. पुढे कोणी स्थानिक इतिहासाचा अभ्यास करायला आलं तर ते तुमच्याकडेच मिळतील.

७. मुलं

शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, एका इयत्तेचा एक तास वाचनालयात आणा. मुलांना भाषण देऊ नका. कपाटं उघडी ठेवा, जमिनीवर सतरंजी टाका आणि अर्धा तास गप्प बसा. कुलूपबंद काचेच्या कपाटातलं पुस्तक मूल मागत नाही.

बालसभासदांची अनामत नाममात्र ठेवा. पुस्तक हरवलं तर दंडाऐवजी दुसरं कोणतंही बालपुस्तक आणून द्यायला सांगा. उन्हाळी शिबिर एप्रिलच्या शेवटापासून मे अखेरपर्यंत कधीही घ्या. विदर्भात असाल तर शाळा उशिरा उघडतात, म्हणून जूनचा पहिला पंधरवडाही हाताशी असतो, मात्र ऊन पाहून सकाळी आठला सुरू करा. चित्रकला, हस्ताक्षर वगैरे घ्या, पण दर दिवशी शेवटचा अर्धा तास मोठ्याने वाचनाचा ठेवा. वाचणारी आजी असेल तर उत्तमच.

८. अभ्यासिका

स्पर्धा परीक्षांची मुलं तुमचे सर्वांत नियमित सभासद होतील आणि सर्वांत जास्त तक्रारीही तीच करतील. जागा राखून ठेवायला वही टाकून जाणं, मोबाइलवरची बोलणी, पंख्याखालची खुर्ची. नियम कमी ठेवा, पण लेखी ठेवा: जागा राखीव नाही, फोन बाहेर, डबा अंगणात. संदर्भ पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या मोक्याच्या कपाटातून हलवा, कारण अभ्यासक्रम बदलतो आणि जुनं पुस्तक मुलांची दिशाभूल करतं. या मुलांपैकी दोघांना कार्यक्रमांच्या दिवशी मदतीला घ्या. पुढे नोकरी लागली की वाचनालयाला पुस्तकं पाठवणारी हीच मुलं असतात.

९. जे येऊ शकत नाहीत

संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. वाचनालयातच हळदीकुंकू ठेवून वाण म्हणून एकेक छोटं पुस्तक देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळली आहे, आणि ती चांगली आहे. निमंत्रणात 'सर्व महिला' असं लिहा आणि तसंच वागा. विधवा बायकांना वगळणारं हळदीकुंकू सार्वजनिक वाचनालयात शोभत नाही.

म्हाताऱ्या सभासदांसाठी घरपोच पुस्तकं सुरू करायची असतील तर एकाच गल्लीतून सुरुवात करा, आठवड्याचा एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. मोठ्या टायपातली पुस्तकं वेगळी काढून त्यांची यादी करा. बाकी काही जमलं नाही तरी ही यादी कराच.

१०. नोंदी, मार्च आणि मोजणी

कार्यक्रम संपला त्याच रात्री एका पानावर लिहा: तारीख, विषय, उपस्थिती, खर्च, नवे सभासद, त्या टेबलावरून गेलेली पुस्तकं. निमंत्रणपत्रिका, दोन फोटो आणि वर्तमानपत्राचं कात्रण त्याच पानाला जोडा. वार्षिक अहवाल, तपासणी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्काराचा प्रस्ताव, तिन्हीकडे हीच पानं लागतात. फोटोत श्रोते दिसू द्या, नुसतं व्यासपीठ नको.

अनुदानातली पुस्तकखरेदी ३१ मार्चच्या आत करून बिलं आणि दाखल नोंदवहीचे क्रमांक जुळवून घ्या. शेवटच्या आठवड्यात विक्रेता सांगेल तो गठ्ठा उचलण्याची वेळ आणू नका. असे गठ्ठे पुढची वीस वर्षं कोऱ्या चिठ्ठीसकट कपाटात बसतात. म्हणून वर्षभर टेबलावर एक मागणी वही ठेवा आणि जानेवारीतच तिच्यावरून यादी तयार करा.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन दिवस देवघेव बंद ठेवून ग्रंथमोजणी. दाखल नोंदवही हातात, एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने खूण करायची. अभ्यासिकेतली मुलं इथे कामाला येतात. गहाळ आणि फाटलेल्या पुस्तकांची यादी कार्यकारिणीपुढे ठेवून ठराव झाल्याशिवाय एकही पुस्तक बाद करू नका, रद्दीवाला दारात उभा असला तरी. मोजणीची सूचना आठवडाभर आधी बाहेर लावा आणि वर्तमानपत्रांची खोली मात्र उघडी ठेवा. नाहीतर सकाळी सातला पेपर वाचायला येणारे आजोबा कुलूप पाहून थेट अध्यक्षांच्या घरी जातात, आणि सव्वासातला तुमचा फोन वाजतो.